एक घर, तीन आत्मचरित्रं : वाचनाच्या नोंदी

८ जून

आधी काम काय आहे ते सांगते. महर्षी कर्व्यांच्या घरातल्या तिघांनी आपापलं आयुष्य लिहून ठेवलंय. धोंडोपंतांचं, म्हणजे खुद्द महर्षींचं, ‘आत्मवृत्त’ १९१५चं. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ची. आणि पत्नी आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया, त्यांचं ‘माझे पुराण’ १९४४चं. ही तिन्ही पुस्तकं एकामागून एक न वाचता शेजारी शेजारी मांडून वाचायची, असा बेत आहे. याआधी ‘माझे पुराण’ एकदा सुटं वाचलं होतं. आवडलं होतं, पण त्यातली निम्मी माणसं कोण, कुठली, हे डोक्यावरून गेलं होतं.

पुढे कुणाला असं वाचायचं असेल तर आमचा वेळ कुठे गेला ते कळावं, म्हणून या नोंदी. ‘आमचा’ म्हणतेय, कारण शेजारच्या काकूही यात आहेत. त्या शाळेतून निवृत्त झाल्यात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मी वाचते आणि त्या ऐकतात. बेत ठरला तेव्हाच त्यांनी बजावलं, “हे बघ, मला सारांश सांगायचा नाही. शब्द न् शब्द वाचायचास.”

११ जून

पुस्तकं जमवणं. ‘माझे पुराण’ वाचनालयात मिळालं. ‘आत्मवृत्त’ची जुनी प्रत अप्पा बळवंत चौकात शोधली. दोन दुकानांत “येईल, फोन करतो” एवढंच ऐकलं. शेवटी स्कॅनवर भागवलं. ‘माझी कहाणी’ विकत मिळण्याचा विचार तर सोडूनच दिला, तिचंही स्कॅनच. तिघांनाही जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटलाय (बाया १९५०, पार्वतीबाई १९५५, धोंडोपंत १९६२), म्हणजे प्रताधिकाराचा प्रश्न नाही. निर्धास्तपणे छापून घ्या.

१४ जून

निर्धास्तपणे छापून घ्या म्हटलं खरं. झेरॉक्सवाल्याकडे फाइल दिली, बॅक टू बॅक काढून स्पायरल करून आणली. घरी उघडली तर प्रत्येक पानाच्या आतल्या बाजूची दोन-तीन अक्षरं स्पायरलच्या भोकांत गेलेली. जुन्या पुस्तकांना समास मुळात कमी, त्यात स्कॅन करताना पुस्तक पुरतं उघडलेलं नसतं, आणि दुकानात मशीन ‘पानात बसवा’ यावर ठेवलेलं असतं. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ओळीची सुरुवातच नाहीशी होते.

उपाय असा निघाला : आधी पाच पानंच काढायची. बांधणीच्या बाजूला बोटभर कोरी जागा सोडून घ्यायची. आणि स्कॅनमध्ये उघड्या पुस्तकाची दोन्ही पानं एकाच चित्रात असतील तर ती तशीच आडवी छापून वरच्या कडेला बांधायची, कॅलेंडरासारखी. वाचायला विचित्र वाटतं, पण अक्षर मोठं राहतं. दोन्ही वेळचा खर्च धरून साडेसहाशे रुपये गेले. त्यातले निम्मे वाया.

स्कॅनमधली पानं मोजून घ्या. आमच्याकडे दोन पानं दोनदा आली होती आणि एक जोडी गायब होती. ती दुसऱ्या प्रतीच्या स्कॅनमध्ये सापडली.

१९ जून

वाचन सुरू. धोंडोपंतांपासून, कारण वयानं तेच वडील (जन्म १८५८).

पहिला अडथळा छपाईचा. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, त्याआधीच्या मराठीत जिथेतिथे अनुस्वार. ‘मीं’, ‘तें’, ‘घरीं’. डोळे अडखळतात. मोठ्यानं वाचलं की हा त्रास दहाएक पानांत संपतो, कारण तोंड ते टिंब आपोआप सोडून देतं. मनातल्या मनात वाचणाऱ्याला जास्त दिवस लागतील.

पुस्तक मात्र लगेच पकड घेतं. मुरूडचा पोरगा, मुलकी परीक्षेला बसायचं म्हणून शंभरावर मैल सह्याद्री ओलांडत पायी साताऱ्याला जातो. तिथे साहेब म्हणतो, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परत जा. आजचा लेखक असता तर या प्रसंगावर एक अख्खं प्रकरण रडला असता. हे सांगून मोकळे. काकू म्हणाल्या, “चिडलेच नाहीत गं हे. कसला माणूस म्हणायचा.” त्यांना ते खटकलं, मला आवडलं. यावर आमचं एकमत होईलसं वाटत नाही.

२४ जून

भिंतीवरचा तक्ता करून बघितला. मोठी कार्डशीट, आडवी वर्षं १८६० ते १९४५, उभे तीन रकाने. प्रत्येक प्रसंगाची चिठ्ठी ज्या त्या वर्षाखाली चिकटवायची.

जमलं नाही. एक तर पावसाळी हवेनं सेलोटेप सुटून तक्ता दर सकाळी जमिनीवर. पण खरी अडचण वेगळीच होती. धोंडोपंत तारखा देतात, गणिताचे प्राध्यापकच ते. बायांच्या बोलण्यात तारखा येतात त्या ‘शंकर पोटात होता तेव्हा’ अशा बेतानं. म्हणजे एका रकान्यात चिठ्ठ्यांची गर्दी, दुसरा जवळजवळ कोरा. तक्ता बघणाऱ्याला वाटेल की बायांच्या आयुष्यात काही घडलंच नाही. मांडणीच खोटं बोलत होती.

काढून टाकला.

२७ जून

नवी पद्धत : बुटांच्या खोक्यात कार्डं. प्रत्येक कार्ड वर्षाचं नसून जागेचं. देवरुख, मुरूड, मुंबईची खोली, शारदा सदन, पुण्यातलं बिऱ्हाड, हिंगणं, नागपूर, अमेरिका. त्या जागेबद्दल तिघांनी काय लिहिलंय ते एकाखाली एक, तीन रंगांच्या शाईत. जागा कुणी विसरत नाही. तारीख विसरलेली बाईसुद्धा चूल कुठल्या भिंतीला होती हे सांगते.

यानंतर कामाला वेग आला. वर्षं लागतातच, पण ती कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं.

२ जुलै

मुंबईची खोली आणि शारदा सदन ही कार्डं भरली.

देवरुखच्या जोशांची गोदू, म्हणजेच पुढे लग्नानंतरच्या आनंदीबाई, बाया. आठव्या वर्षी विधवा झालेली. तिचा भाऊ नरहरपंत धोंडोपंतांचा मित्र, मुंबईत एकाच बिऱ्हाडात राहणारा. गोदूबाई भावाकडे आल्या आणि मग पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या निवासी शाळेत पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. इकडे १८९१मध्ये धोंडोपंतांची पहिली पत्नी राधाबाई गेली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते टिळकांनी सोडलेल्या गणिताच्या जागेवर फर्ग्युसनमध्ये आले. लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांचं ठरलेलं.

कार्डाच्या कोपऱ्यातल्या तारखा जुळवताना एक गंमत दिसली. शारदा सदन उघडलं ११ मार्च १८८९ला आणि गोदूबाईंचं धोंडोपंतांशी लग्न झालं ११ मार्च १८९३ला. चार वर्षांनी, त्याच तारखेला. काही अर्थ लावायचा नाही, पण खोक्यापुढे बसून दोघी बराच वेळ हसलो.

या लग्नात रघुनाथ नावाचा अकरा वर्षांचा मुलगाही होता, राधाबाईंचा. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे र. धों. कर्वे ते हेच. त्याचं वेगळं कार्ड केलं. तूर्त त्यावर नावच आहे.

६ जुलै

मुरूड. हे कार्ड सगळ्यात भरगच्च.

लग्नानंतर गावानं ठराव केला. कर्व्यांशी कुणी संबंध ठेवायचा नाही, आणि ते भावाच्या घरी उतरले तर भावालाही वाळीत टाकायचं. ज्या गावासाठी या माणसानं रुपयामागे एक पैसा बाजूला काढून ‘मुरूड फंड’ चालवला होता, तेच हे गाव. ‘आत्मवृत्ता’त हे येतं ते हिशेब लिहावा तसं. आईला त्रास झाला, भावाला झाला, एवढंच.

बायांचं वाचायला घेतलं आणि खोलीतली हवाच बदलली. ही बाई लिहीत नाही, बोलते. सून कावेरीबाई कर्वे यांनी संपादन केलंय, पण बोलण्यावर इस्त्री फिरवलेली नाही. नवरा जिथे ‘बहिष्कार’ असा एक शब्द ठेवून पुढे जातो, तिथे ही पाणी कुठून आणायचं, कुणाच्या ओटीवर बसायचं, पोराला कुठे निजवायचं यात शिरते. बहिष्काराचं काम बायकांच्या वाट्याला कसं येतं, हे मला तरी इतकं रोखठोक आधी कुठे दिसलं नव्हतं.

काकूंचं माहेर दापोलीकडचं. त्या इतकंच म्हणाल्या, “ठराव पुरुष करतात, पाळतात बायका.”

१३ जुलै

आठवडाभर काही नाही. काकूंना डोळ्यांचे थेंब बदलून दिले होते आणि मला ऑफिसचं तिमाहीचं काम. एकट्यानं पुढे वाचायचं नाही असं ठरलंय, ते पाळलं. कुणी सोबत वाचणार असेल तर हा नियम आधी करून घ्या, नाहीतर एक जण पुढे पळतो आणि दुसऱ्याला गोष्ट सांगत बसतो.

१७ जुलै

पार्वतीबाईंना हात घातला. थेट सांगते, तिन्हींत हे पुस्तक सगळ्यात अवघड. भाषा सोपी आहे. ही बाई कुठल्याही कप्प्यात बसत नाही, म्हणून अवघड.

बायांची ही सख्खी धाकटी बहीण. अकराव्या वर्षी लग्न, नवरा पायानं अधू, गोव्याकडे नोकरीला. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. केशवपन झालेलं. थोरल्या बहिणीनं पुनर्विवाह करून गाव हलवलं, त्याच बहिणीकडे ही पुण्याला आली. पण स्वतः पुनर्विवाह केला नाही, करायची इच्छाही धरली नाही. आणि तरी धोंडोपंतांनी काढलेल्या विधवांच्या आश्रमाचं काम कुणी अंगावर घेतलं तर हिनं. गावोगाव फिरून, भाषणं करून, पदर पसरून पैसे आणले.

बाईनं काय शिकावं, घरात कसं वागावं याबद्दलची तिची मतं आज वाचताना कानाला टोचतात. मी दोनदा पुस्तक मिटलं. काकूंनी दोन्ही वेळा उघडायला लावलं. “तुला पटणाऱ्यांचंच वाचायचंय का?”

१८ जुलै

काल मिटलेलं पुस्तक आज खाली ठेववेना. १९१२ साली पार्वतीबाईंनी केशवपन बंद केलं. तोवर वीस-बावीस वर्षं त्या डोक्यावरून लाल आलवण, म्हणजे विधवांचं लुगडं, घेत होत्या आणि सभांतही तशाच उभ्या राहत होत्या. हा निर्णय त्यांनी का घेतला, कसा घेतला, हे त्या नीट बसून समजावतात. वाचणारा विरोधात आहे हे गृहीत धरून, एकेक आक्षेप घेऊन. बंडाचा आव नाही. वकिलाच्या पद्धतीनं.

इथे तीन रंगांच्या शाईचा पहिल्यांदा खरा उपयोग झाला. बाया आणि पार्वतीबाई, एका आईच्या दोन मुली, दोघी विधवा. एकीनं कुंकू पुन्हा लावलं, दुसरीनं केस वाढवले. दोघींना समाजाशी करावा लागलेला सौदा निराळा. आणि कोणी कोणाला नावं ठेवलेली नाहीत. निदान मला कुठे सापडली नाहीत, आणि मी शोधत होते.

२३ जुलै

हिंगणं. धोंडोपंतांनी १८९६ला विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९००मध्ये हिंगण्याला गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या जागेवर झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चार मैल चालत हिंगण्याला. पावसाळ्यात चिखल तुडवत.

ते चार मैल चालून बघायचं ठरवलं. डेक्कनवरून निघाले, काकू रिक्षानं पुढे. आता त्या रस्त्याचंच नाव कर्वे रस्ता. वर मेट्रो, नळ स्टॉपला दुमजली पूल, खाली फूटपाथवर दुचाक्या. चिखल नाही, पण चालायला जागाही नाही. मृत्युंजय मंदिराजवळ पाऊस आला आणि छत्री उलटी झाली. कर्वेनगरला, म्हणजे जुन्या हिंगण्याला, पोचेपर्यंत दीड तास मोडला.

संस्थेच्या आवारात ती झोपडी जपून ठेवलीय. फाटकावर विचारून आत सोडतात. झोपडी फोटोत वाटते त्याहून लहान आहे. काकूंनी बाहेरूनच पावलं टाकून लांबी मोजली, मग म्हणाल्या, “यात निजायच्या किती जणी, आणि चूल कुठे?” ‘आत्मवृत्ता’त देणग्यांचे आकडे नीट मिळतात. चूल पार्वतीबाईंच्या पुस्तकात शोधावी लागते.

चालणं वाचनाला पूरक वगैरे म्हणणार नाही. पाय दुखले. पण ‘चार मैल’ हे कार्डावरचे दोन शब्द आता मी सहज वाचून पुढे जाऊ शकत नाही.

३० जुलै

पुण्यातलं बिऱ्हाड. हे कार्ड लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण इथे पुस्तकं एकमेकांशी भांडतात.

धोंडोपंतांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. बाहेरून बघता त्याग. घरात बायको, चार मुलं, आणि गाठीला काही नाही. बायांचा संताप पुस्तकभर या पैशाच्या बाजूनं फिरतो. मिळवायचं त्यांनी, द्यायचं आश्रमाला, आणि महिना ओढायचा मी. तिनं मग काय केलं? नागपूरला जाऊन सुईणीचं शिकली. घरात मुलं ठेवून घेतली. स्वतःच्या हातानं पैसा उभा केला.

वर आणखी एक काटा. आश्रम विधवांचा. तिथे पुनर्विवाह केलेली बाई वावरताना दिसली तर लोक मुली पाठवणार नाहीत, म्हणून धोंडोपंतांनी पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रम ही दोन कामं वेगळी ठेवली. धोरण म्हणून बरोबर असेलही. पण ज्या बाईशी लग्न करून चळवळ उभी राहिली, तिलाच नवऱ्याच्या संस्थेपासून लांब राहावं लागलं, आणि विधवा राहिलेली धाकटी बहीण तिथे आत.

यावर आमची जुंपली. मी म्हटलं, हा अन्याय आहे आणि तो महर्षींनी केला. काकू म्हणाल्या, “त्यांनी नसता केला तर शंभर पोरी देवरुखातच राहिल्या असत्या.” मी म्हटलं, मग बायांना विचारून तरी करायचं. त्यावर काकू गप्प बसल्या, मग चहा ठेवायला उठल्या. माझं मत तेच आहे. पण फक्त ‘माझे पुराण’ वाचून नवऱ्याला खलनायक करणाऱ्यांनी ‘आत्मवृत्ता’तला पॉलिसीचा भागही वाचावा. घरच्यांना त्रास झाला हे त्यांनी झाकलेलं नाही. एवढंच की त्यांच्या वहीत तो खर्चाच्या बाजूला जातो.

४ ऑगस्ट

अमेरिका. १९१८ला पार्वतीबाई, पन्नाशीला टेकलेल्या, इंग्रजी धड येत नाही म्हणून इंग्रजी शिकायला अमेरिकेला निघाल्या. इथे वर्षानुवर्षं प्रयत्न करून जमलं नव्हतं. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, १९२०ला परत आल्या. शाकाहार सांभाळून. ज्या बाईची मतं वाचून मी पुस्तक मिटलं होतं, तिनं हे केलं.

या कार्डावर एकच शाई आहे. ‘आत्मवृत्त’ १९१५ला थांबतं, हे सुरुवातीला ध्यानात घ्या. धोंडोपंतांचं महिला विद्यापीठ १९१६चं, तेही त्यात नाही. पुढचं धोंडोपंतांकडून हवं तर त्यांचं १९३६चं इंग्रजी आत्मचरित्र, ‘लुकिंग बॅक’, घ्यावं लागतं. ते वाचनालयात मागवलंय. ‘माझी कहाणी’चाही १९३०चा इंग्रजी अनुवाद आहे, जस्टिन अॅबट यांचा. मराठी स्कॅनमधली अक्षरं पुसट असतील तिथे तो ताडून बघायला उपयोगी पडला.

१० ऑगस्ट

कुणी करणार असेल तर क्रमाबद्दल. आम्ही धोंडोपंतांपासून सुरू केलं, पुन्हा करायचं झालं तर मी तसं करणार नाही. त्यांची मांडणी इतकी नेटकी की नंतरच्या दोघींना आपण नकळत त्यांच्या चौकटीत बसवू लागतो. बायांपासून सुरू करा, गोंधळ होऊ द्या, माणसं कळली नाहीत तर कार्डावर नुसती नावं टाका. मग पार्वतीबाई. धोंडोपंत शेवटी, तारखा लावायला. काकूंचं म्हणणं उलट : आधी सांगाडा हवा, नाहीतर बायांच्या बोलण्यात माणूस वाहून जातो. त्यांनी पस्तीस वर्षं इतिहास शिकवलाय, तेव्हा तेही इथे नोंदवून ठेवते.

खर्च : स्पायरल साडेसहाशे, कार्डं आणि शाईची पेनं दोनशेच्या आत, कार्डशीट आणि सेलोटेप पाण्यात, काकूंची रिक्षा त्यांनीच दिली. वेळ : दोन महिन्यांत बरंचसं झालं, संध्याकाळी साधारण तासभर.

राहिलंय ते रघुनाथचं कार्ड. तो त्या घरात अकराव्या वर्षापासून बायांच्या हाताखाली वाढला, आणि तिघांच्याही लिहिण्यात मला हवा तेवढा सापडला नाही. त्यानं स्वतः लिहिलं ते ‘समाजस्वास्थ्य’मध्ये, १९२७पासून १९५३ला जाईपर्यंत. त्या अंकांत घरचं काही निघतं का ते बघायचंय. स्कॅन उतरवून घेतलीत, यावेळी आधी पाच पानं छापणार आहे.